पाठ भिंतीला, नजर कॅमेऱ्यात

फोटोग्राफरचं मोठेपण मोजायची आपली एक ठरलेली रीत आहे. आयुष्यभराच्या कामातून पाच-दहा फोटो वेचायचे, त्यांना अजरामर म्हणायचं आणि बाकीचे सरावाच्या खात्यात जमा करायचे. बहुतेक फोटोग्राफरांच्या बाबतीत ही रीत चालून जाते, कारण ते स्वतःही त्या एका नेमक्या क्षणाच्याच मागे असतात. पोलंडच्या झोफिया रिदेत यांच्या बाबतीत मात्र ती साफ फसते. १९७८ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्यांनी एक काम हाती घेतलं आणि पुढची बारा-एक वर्षं ते सोडलं नाही. अनोळखी माणसांच्या घरी जायचं, त्यांना त्यांच्याच खोलीत भिंतीपुढे बसवायचं आणि समोरून फोटो काढायचा. या कामाच्या निगेटिव्ह २० हजारांच्या घरात गेल्या. त्यांतला एखादा उचलून पाहिला तर फोटो बरा आहे, यापलीकडे फारसं सुचत नाही. दहा पाहिले तर कंटाळा येण्याचीच शक्यता जास्त. शंभर पाहून झाले की मात्र डोळ्याला वेगळंच वळण लागतं. तो फोटो पाहायचं सोडून घरं वाचायला लागतो. माझं म्हणणं असं, की हा तोचतोपणा रिदेतबाईंनी जाणूनबुजून पत्करलेली पद्धत होती, आणि या फोटोंतून जी माहिती हाती लागते ती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने लागली नसती. बरेच जाणकार हा तोचतोपणा त्यांना माफ करतात आणि त्यातून 'सुंदर' फोटो निवडून दाखवतात. मला तो उपकार नको वाटतो.

या मालिकेतला नेहमी भेटणारा फोटो कसा असतो ते आधी नीट पाहू. खोली लहान, छत बुटकं, पोदहालेच्या डोंगराळ भागात असेल तर भिंत लाकडी ओंडक्यांची. मध्ये दोन खुर्च्या, किंवा पलंगाची कड. त्यावर एक म्हातारं जोडपं. बाईच्या डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन. पुरुषाचे दोन्ही तळवे गुडघ्यांवर सपाट ठेवलेले, आणि शेतात राबून बोटं इतकी जाड झालेली की मूठ मिटेल का अशी शंका यावी. दोघांच्या मध्ये हातभर अंतर. दोघंही हसत नाहीत, थेट कॅमेऱ्यात पाहतात. मागे पलंगावर उशांची उतरंड, शुभ्र अभ्र्यांची, झोपण्यासाठी कमी आणि मांडणीसाठी जास्त. वर येशूचं आणि मरियमचं चित्र, जरा पुढे कललेलं, कारण चौकट खिळ्याला दोरीने टांगलेली. त्याशेजारी याच दोघांचा लग्नातला फोटो, हाताने रंगवून मोठा केलेला. त्यातले ओठ लाल, गाल गुलाबी आणि चेहरे आज खाली बसलेल्या माणसांशी मुळीच न जुळणारे. एका कोपऱ्यात टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर चिनी मातीचा कुत्रा किंवा प्लास्टिकची फुलं. कुठल्याही एका वस्तूकडे बोट दाखवलेलं नाही. फुलं जेवढी स्पष्ट तेवढाच चेहरा, चेहरा जेवढा स्पष्ट तेवढीच भिंतीवरची चीर.

या कामापर्यंत पोचायला त्यांना निम्म्याहून जास्त आयुष्य लागलं. जन्म १९११चा, स्तानिस्वावूव शहरातला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमध्ये आलं, मग सोव्हिएत, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत राजवट; आज ते इव्हानो-फ्रांकिव्हस्क या नावाने युक्रेनमध्ये आहे. महाराष्ट्राला हा पूर्व सीमाभाग अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला जे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांतले बहुसंख्य याच पट्ट्यातून सोव्हिएत राजवटीने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेले होते. रिदेत यांच्या वाट्याला हद्दपारी आली नाही, पण गाव सुटलंच. आधी राब्का, मग सायलेशियातल्या खाणींच्या पट्ट्यातलं बितोम. तिथे त्यांनी खेळणी आणि स्टेशनरीचं दुकान चालवलं. फोटोग्राफीचा नाद घरात भावाला होता. त्यांनी स्वतः ती मन लावून करायला घेतली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. १९५४ मध्ये त्या शेजारच्या ग्लिवित्से शहरातल्या फोटोग्राफरांच्या संस्थेत दाखल झाल्या, पुढे त्याच शहरात राहायला गेल्या आणि तिथल्या तंत्रविद्यापीठात फोटोग्राफी शिकवू लागल्या. ज्याचं घर गेलं त्याने दुसऱ्यांच्या घरांचे फोटो काढले, असं स्पष्टीकरण इथे कुणालाही सुचेल. ते खोटं असेल असं नाही. पण घरदार गमावलेली लाखो माणसं त्या काळात पोलंडमध्ये होती आणि त्यांतल्या एकीनेच हे काम केलं. तेव्हा ते स्पष्टीकरण जरा जपूनच वापरावं.

ग्लिवित्सेची संस्था हौशी मंडळींची असली तरी तिचं पाणी वेगळं होतं. १९५९ मध्ये येझी लेव्हचिन्स्की, झ्जिस्वाव बेक्शिन्स्की आणि ब्रोनिस्वाव श्लाब्स या तिघांनी तिथे एक प्रदर्शन भरवलं. गोड, सजवलेल्या फोटोग्राफीला धुडकावणारं ते प्रदर्शन पुढे 'अँटिफोटोग्राफी' या नावानेच ओळखलं जाऊ लागलं. रिदेत या वर्तुळातल्या, पण त्या बंडखोर नव्हत्या. त्यांचं पहिलं मोठं काम मुलांवरचं, 'छोटा माणूस' नावाचं. १९६१ मध्ये त्याचं प्रदर्शन झालं आणि १९६५ मध्ये वोइचेख झामेच्निक यांनी मांडणी केलेलं पुस्तक निघालं. न्यूयॉर्कहून जगभर फिरलेलं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन १९५०च्या दशकाच्या शेवटी पोलंडमध्ये आलं होतं आणि त्याचा ठसा या पुस्तकावर उघड दिसतो. फरक एवढाच, की रिदेत यांची मुलं गोंडस नाहीत. ती विचारात पडलेली, रुसलेली, कधी मोठ्यांहूनही एकटी दिसतात. त्यानंतर म्हाताऱ्या माणसांवरची मालिका, आणि १९७०च्या दशकात फोटोमोंताज: कापलेले-चिकटवलेले फोटो, पुतळे, बाहुल्या, ओसाड माळ, त्यात अडकलेले चेहरे. १९७९ मध्ये 'भावना आणि कल्पनेचं जग' या नावाने त्याचं पुस्तक आलं. म्हणजे एका हाताने त्या स्वप्नातली चित्रं जुळवत होत्या आणि दुसऱ्या हाताने, त्याच सुमारास, खेड्यातल्या भिंतीचा खिळा न् खिळा टिपायला सुरुवात करत होत्या.

इथे समीक्षकांची थोडी पंचाईत होते. कुणी म्हणतं, त्यांनी वाट बदलली; कुणी म्हणतं, कल्पनेला रामराम ठोकून त्या वास्तवाकडे वळल्या. मला दोन्ही कामांत एकच चिंता दिसते, ती म्हणजे माणूस नाहीसा होतो याची. 'छोटा माणूस'मधलं बालपण दोन-चार वर्षांत संपणार असतं, म्हाताऱ्यांच्या मालिकेत वेळ उघडच थोडा उरलेला असतो, मोंताजमध्ये जन्म, लग्न, युद्ध आणि मरण एकाच कागदावर येतात. १९७८ मध्ये चिंता तीच राहिली, बदललं ते तिच्यावरचं उत्तर. त्या आधी नाहीसं होण्याबद्दल चित्रं करत होत्या. आता नाहीसं होण्याआधी मोजदाद करू लागल्या.

मोजदादीची कल्पना येल्च इथल्या वाहनांच्या कारखान्यात सुचली, असं त्या सांगत. तिथे एका प्रचंड दालनात पार्टिशन टाकून कर्मचाऱ्यांसाठी सारखेच कप्पे केले होते. कप्पे सारखे, पण प्रत्येकाने आपला कप्पा आपल्या आवडीने सजवलेला: कुठे देवाची तसबीर, कुठे सुंदर मुलींचे फोटो, कुठे घरच्या पोरांचे, कुठे गायकांचे. पुढच्या सगळ्या कामाचं बीज या निरीक्षणात आहे, आणि मुद्दा सजावटीचा नसून कप्प्यांचा आहे. चौकट एकसारखी होती म्हणूनच प्रत्येकाचं वेगळेपण नजरेत भरलं. प्रत्येकाला वेगळ्या मापाची, वेगळ्या उजेडाची खोली असती तर पाहणाऱ्याला खोलीतला फरक दिसला असता, माणसातला नाही. रिदेत यांनी मग स्वतःची चौकट ठरवली. दारावर टकटक करायची, नमस्कार करून हस्तांदोलन करायचं, आत शिरताच घरातल्या एखाद्या वस्तूचं मनापासून कौतुक करायचं. घरधनी खुलला की त्याला भिंतीसमोर बसवायचं, कॅमेऱ्यात पाहायला सांगायचं, हसू नका म्हणायचं, आणि थोडक्या फ्रेममध्ये काम उरकून पुढच्या दारी जायचं.

तंत्राची निवडही याच हिशोबाने केलेली आहे. त्यांनी वाइड अँगल लेन्स आणि फ्लॅश ही जोडी वापरली. खेड्यातली खोली लहान. नेहमीच्या लेन्सने तिथे माणूस मावेल पण भिंत मावणार नाही, आणि मागे सरकायला जागाच नसते. वाइड अँगलने माणूस, दोन्हीकडच्या भिंती, छत आणि जमीन एकाच फोटोत येतात. त्याची किंमत अशी, की कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि गुडघे-बूट जरा मोठे दिसतात. खिडक्या लहान असल्याने आत उजेड कमी. तो आहे तसा वापरला असता तर खिडकीजवळचा गाल उजळला असता, बाकीची खोली काळोखात बुडाली असती आणि एक छान, उदास, चित्रासारखा फोटो मिळाला असता. स्टुडिओतला फोटोग्राफर नेमकं हेच करतो. रिदेत यांनी कॅमेऱ्यावरून सरळ फ्लॅश मारला. फ्लॅशचा उजेड सपाट असतो, तो चेहऱ्यावर छायाप्रकाशाचा खेळ होऊ देत नाही. उलट लेन्सचं छिद्र बारीक ठेवायची सोय करून देतो, त्यामुळे पुढच्या गुडघ्यापासून मागच्या तसबिरीपर्यंत सगळं सारखंच रेखीव येतं. सौंदर्याच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा. पण कोणती वस्तू महत्त्वाची हे फोटोग्राफरने ठरवायचं नाही असं एकदा मान्य केलं, की याहून चांगला उजेड नाही.

आता या चौकटीतून मिळालं काय ते पाहू. त्यांनी शंभराहून अधिक गावांतून हे काम केलं. पोदहाले, सायलेशिया, ईशान्येचा सुवाऊकी भाग असे पोलंडचे एकमेकांपासून दूरचे कोपरे त्यात आले. जसजसे फोटो साठत गेले तसतशा त्यांच्या पोटातून आणखी मालिका फुटत गेल्या. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बायकांची एक, कारण खोलीत अवघडून बसणारी बाई उंबऱ्यात उभी राहिली की घराची मालकीण दिसते हे एका फोटोत कळत नाही, ओळीने पाहिल्यावर कळतं. खिडक्यांची एक. लोहार, चांभार अशा मोडीत निघालेल्या धंद्यांतल्या कारागिरांची एक. टीव्हीची एक: पुष्कळ घरांत त्याची जागा देवाच्या चित्राखालीच होती. भिंतीवर टांगलेल्या फोटोंची एक, जिला त्यांनी 'फोटोग्राफीचं मिथक' म्हटलं. घरात माणूस गेला, मुलं अमेरिकेला गेली, तरी भिंतीवर कुटुंब पूर्ण असतं. आणि 'अस्तित्व' नावाची एक, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या फोटोची. तिची पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. क्राकोवचे कार्डिनल कारोल वोयतिवा पोप म्हणून निवडले गेले ते १६ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे रिदेत यांनी काम सुरू केलं त्याच वर्षी. पुढच्या वर्षांत कॅलेंडरावरचा, मासिकातून कापलेला, चौकटीतला, ताटलीवर छापलेला पोप घरोघरी आला. मग सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचं आंदोलन झालं, डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला, दुकानांत रेशनकार्डं आली. यातलं काहीच या फोटोंत घटना म्हणून दिसत नाही. पण सत्ता कम्युनिस्ट पक्षाची असताना घरच्या भिंतीवर मान कुणाला होता, याचा इतका सरळ पुरावा भाषणांत किंवा वर्तमानपत्रांत सापडणार नाही. एका घरात पोप दिसला तर ती त्या कुटुंबाची श्रद्धा. दुर्गम डोंगरातल्या झोपडीपासून खाणकामगाराच्या घरापर्यंत तो दिसत राहिला, तर ती देशाबद्दलची माहिती झाली.

यावर पहिला आक्षेप समाजशास्त्रज्ञांकडून येतो. या मालिकेचं नाव 'समाजशास्त्रीय नोंद', पण यात समाजशास्त्र कुठे आहे? घरं निवडण्याचा नियम नाही, उत्पन्न, शिक्षण, जमीन यांची नोंद नाही, प्रश्नावली नाही. आक्षेप खरा आहे. हे नाव कलासमीक्षक उर्शुला चार्तोरिस्का यांनी सुचवलेलं, आणि ते जरा भारदस्तच आहे. पण पोलंडमधलं समाजशास्त्र कशातून उभं राहिलं हे पाहिलं तर आक्षेपाची धार कमी होते. फ्लोरियान झ्नान्येत्स्की यांनी अमेरिकन विल्यम थॉमस यांच्यासह १९१८ ते १९२० मध्ये पोलिश शेतकऱ्यांवरचा जो पाच खंडी ग्रंथ काढला, त्याचा मुख्य आधार अमेरिकेत गेलेल्या आणि मागे राहिलेल्या साध्या माणसांची एकमेकांना लिहिलेली पत्रं हा होता. १९३०च्या दशकात वॉर्सातल्या एका संशोधन संस्थेने स्पर्धा जाहीर करून बेकारांकडून आणि शेतकऱ्यांकडून त्यांच्या आठवणी लिहून मागवल्या आणि त्या ग्रंथरूपाने छापल्या. ती पत्रं आणि आठवणीही कुठल्या सर्वेक्षणाच्या नियमाने निवडलेल्या नव्हत्या. त्यांचं मोल होतं ते साध्या माणसाने स्वतःबद्दल दिलेल्या साक्षीचं, आणि अशा साक्षी ढिगाने असण्याचं. भिंत हीदेखील अशीच साक्ष आहे. तिच्यावर काय लावायचं हे घरच्यांनी वर्षानुवर्षं ठरवलेलं असतं, फोटोग्राफर येणार म्हणून नाही. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचीही साक्ष या मार्गाने नोंदली गेली, ही वरकड कमाई.

दुसरा आक्षेप फोटोग्राफरांचा: हे फोटो बेतलेले आहेत. माणूस स्वतःच्या घरात असा ताठ बसतो का? खरा दस्तऐवज हवा तर त्याला नकळत टिपलं पाहिजे. मला हा आक्षेप कच्चा वाटतो. नकळत काढलेल्या फोटोत माणसाला काहीच ठरवता येत नाही. कोणत्या क्षणी तो मूर्ख दिसावा आणि कोणत्या क्षणी करुण, हे सगळं फोटोग्राफरच्या हातात राहतं. समोर बसवलेल्या माणसाला निदान सावरून बसता येतं, रुमाल नीट करता येतो, हात कुठे ठेवायचे ते ठरवता येतं. रिदेत यांनी बसायची जागा ठरवली, पण बसण्याची तऱ्हा ज्याची त्याची राहिली; आणि शंभर माणसं एकाच जागी बसवली की त्या तऱ्हांमधला फरकच उरतो. जर्मनीच्या ऑगस्ट झांडर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच वाट धरली होती, मात्र त्यांनी माणसाला धंद्यानुसार खणात घातलं: शेतकरी, कारागीर, कलावंत, बेघर. त्यामुळे झांडर यांच्या फोटोत माणूस आपल्या वर्गाचा प्रतिनिधी होतो. रिदेत यांच्या फोटोत तो आपल्या घराचा धनी राहतो. मला दुसरं जास्त भावतं, पण याला आवडनिवड म्हणा हवं तर.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. रिदेत यांना जुनं, नाहीसं होणारं जग टिकवायचं होतं आणि हे त्या लपवतही नसत. १९७०च्या दशकात पोलंडमध्ये शहरांभोवती काँक्रीटच्या तयार पॅनेलच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि खेड्यातली तरुण मंडळी तिकडे निघाली होती. मग लाकडी घर आणि पांढऱ्या केसांचं जोडपं निवडणं म्हणजे आधीच ठरवलेल्या शोकगीताला चित्रं पुरवणं झालं, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं? निवड एकांगी होती, हे मान्य करावंच लागेल. पण जाणीवपूर्वक सुंदर केलेल्या जुन्या पोलंडची चित्रं कशी असतात तेही पाहून ठेवावं. यान बुऊहाक यांनी पोलिश फोटोग्राफीत मायभूमीचं दर्शन घडवण्याची एक मोठी परंपरा निर्माण केली. त्यात धुकं, ढग, चर्च, वळणाची वाट असते आणि खटकणारी वस्तू चौकटीबाहेर राहते. रिदेत यांच्या पद्धतीत खटकणारी वस्तू बाहेर ठेवताच येत नाही. वाइड अँगल आणि फ्लॅश मिळून ती आत ओढून आणतात. म्हणून ओंडक्यांच्या भिंतीवर पॉप गायकाचं पोस्टर आहे, मरियमशेजारी प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ आहे, जुन्या लाकडी कपाटावर दारूच्या परदेशी बाटल्या रिकाम्या झाल्या तरी शोभेला मांडलेल्या आहेत. फोटोग्राफरला जुनं हवं होतं, पद्धतीने सगळंच दिलं. शिवाय पोलंडमध्ये सामूहिक शेतीचा प्रयोग १९५६ नंतर गुंडाळला गेला आणि बहुतेक शेतजमीन लहान शेतकऱ्यांच्याच मालकीची राहिली. ही घरं, त्यांतल्या वस्तू आणि ती धनीपणाची ऐट १९८०च्या दशकापर्यंत टिकली ती त्यामुळे. तेव्हा रिदेत यांनी टिपलेलं खेडं अगदी मरणपंथाला लागलेलं नव्हतं. ते चिवट होतं, नव्या वस्तू जुन्या खिळ्यांना टांगून घेणारं होतं. त्यांच्या मनातल्या हळहळीपेक्षा त्यांचे फोटो या बाबतीत जास्त शहाणे आहेत.

चौथी गोष्ट आक्षेपापेक्षा तक्रारीसारखी आहे, आणि ती मला पूर्ण खोडून काढता येत नाही. गरिबाच्या दारी शहरातली शिकलेली बाई कॅमेरा घेऊन येते, गोड बोलते, दहा मिनिटांत त्याची खोली आणि चेहरा घेऊन जाते. सत्तरीची एकटी म्हातारी म्हणून तिला कुणी सहसा हाकललं नाही, पण त्यामुळे हिशोब बरोबरीचा झाला असं होत नाही. फोटो कुठल्या गावचा, कुठल्या भागातला याची नोंद आहे. माणसांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत. ज्या कामाचा सगळा रोख माणूस नाहीसा होऊ नये यावर आहे, त्यात नावंच नसावीत हा मोठा दोष आहे. एखाद्या अभ्यासकाने तो केला नसता. रिदेत यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की त्यांच्या फोटोत कीव नाही. फाटकं अंथरूण दाखवण्यासाठी कॅमेरा खाली झुकलेला नाही, की दारिद्र्याची बातमी करण्यासाठी चेहरा अंधारात ढकललेला नाही. मजुराला आणि प्राध्यापकाला त्यांनी एकाच उंचीवरून पाहिलं.

काम संपलं नाही, संपणारही नव्हतं. देशातलं प्रत्येक घर ही अशी यादी आहे की जिचा शेवट येत नाही, आणि हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी शेवटी तर थांबून निगेटिव्हचे प्रिंट करण्यापेक्षा आणखी एक गाव गाठणं त्यांना जास्त निकडीचं वाटे, कारण प्रिंट नंतरही होईल, माणूस राहणार नाही. परिणाम असा, की हजारो निगेटिव्ह त्यांच्या हयातीत कागदावर उतरल्याच नाहीत. हिंडणं कमी झाल्यावर त्यांनी जुन्या फोटोंना कात्री लावली, त्यांतून कोलाज केले; 'सायलेशियन स्वीट' ही शेवटची मालिका त्यातून आली. १९९७ मध्ये ग्लिवित्सेला, ८६व्या वर्षी त्या गेल्या. मागे राहिलेल्या ढिगाचं करायचं काय, हा प्रश्न मग इतरांवर पडला. प्रदर्शन भरवणाऱ्याला चाळीस-पन्नास प्रिंट हवे असतात आणि तो साहजिकच ठसठशीत चेहऱ्यांचे, नेटक्या मांडणीचे निवडतो. असे निवडक रिदेत पाहिले की त्या एक चांगल्या पोर्ट्रेट फोटोग्राफर वाटतात, आणि तिथेच त्या हातून निसटतात. वॉर्साच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१५ मध्ये या नोंदीवर मोठं प्रदर्शन भरवलं, आणि निगेटिव्ह स्कॅन करून त्या सर्वांसमोर ठेवण्याचं काम त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाने आणि इतर संस्थांनी मिळून केलं. मला या दुसऱ्या कामाचं मोल जास्त वाटतं, कारण त्यात निवडणाऱ्याचा हात मधे येत नाही. डोळे मिटलेला फोटोही आहे, हललेलाही आहे, एकाच घरातल्या तीन जवळपास सारख्या फ्रेमही आहेत.

आज ही नोंद इंटरनेटवर, प्रदेश आणि गावांनुसार लावलेली, कुणालाही फुकट पाहता येते. पाहायला गेलात तर गाजलेले फोटो शोधू नका. पोदहालेतलं कुठलंही एक गाव उघडा आणि ओळीने निदान पन्नास फोटो पाहा, मधला एकही न गाळता.